इतिवृत्ताची वही

पहिली सभा गोखले रोडच्या पोटमाळ्यावर झाली,
साबणाच्या खोक्यांवर बसून.
मी खाली रिबिनी-बटणांच्या काउंटरला,
कोलशेतची वैती, जुनी अकरावी पास.
अक्षर बरं म्हणून रघुवीररावांनी वर हाक मारली :
"आम्ही बोलू ते लिहा. विचारल्याशिवाय बोलू नका."

लिहिलं.
उपस्थित : तिघे दुर्वे बंधू. गणसंख्या पूर्ण.
ठराव एक : दुकान आजपासून प्रायव्हेट लिमिटेड.
ठराव दोन : पाटीवरचं 'दुर्वे वस्तुभांडार' बदलणार नाही.
ठराव सात, सूचक अच्युतराव :
काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला एक स्टूल.
"गिऱ्हाईक आलं की उठायचं मात्र,"
असं रघुवीरराव म्हणाले, ते ठरावात नाही.

तेवीस स्टुलं आली, जांभळी नाक्यावरून, हातगाडीने.
एक पायात लंगडं.
ते माझं.

वही जाड होत गेली.
टॉवेल, मग प्रेशर कुकर, मग दुसरा मजला,
मग वाशीची शाखा,
जिथे पहिल्या वर्षी गिऱ्हाइकांपेक्षा खाडीचे डास जास्त आले.
(हेही ठरावात नाही. पण हसले होते सगळे.)

एका भाऊबीजेला नलूताई माहेरी आल्या.
ओवाळून झालं.
ताटातल्या पाकिटाखाली हक्कसोडपत्र होतं.
त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, घातला,
शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.
मग म्हणाल्या,
"दादा, या दुकानाचं पहिलं भाडं
माझ्या पाटल्यांतून गेलंय."
कोणी काही बोललं नाही.
रघुवीरराव माझ्याकडे वळले :
"वैतीबाई, हे नको."
मी पेनला टोपण लावलं.
वहीत आहे ते एवढंच :
श्रीमती नलिनी यांनी स्वखुशीने.

ते गेले. मागे दोन मुलगे,
एकमेकांशी वकिलांमार्फत बोलणारे.
बंगळूरचा एक फंड आला, एकोणपन्नास टक्के घेऊन.
दोन वर्षांनी एक्कावन्न झाले.
दोन टक्के म्हणजे किती,
ते हेमंतना त्या दुपारी कळलं.
संचालक मंडळावर स्वतंत्र संचालक आले.
कोणापासून स्वतंत्र, मी विचारलं नाही.

सभा कोलशेत रोडच्या टॉवरमध्ये गेली, एकोणिसाव्या मजल्यावर.
खाली पार्किंग आहे तिथे आमचं खाचर होतं.
गेटवर गळ्यात कार्ड अडकवतात : पाहुणे.

एका सोमवारी स्टुलं उचलली.
मी वही पहिल्यापासून चाळली.
ठराव सात रद्द केल्याचा ठराव
कुठेही नाही.

आता पुन्हा विकतायत, सगळंच, पाटीसकट.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली मला, तरी बोलावलं.
तपासणीला आलेला मुलगा पंचविशीचा, चेहरा दमलेला.
जुनं मराठी त्याला जरा जड जातं.
"यात सगळं आहे ना, मॅडम?"
म्हटलं, लिहायला सांगितलं ते सगळं.

त्याने पान उलटलं, थांबला.
"इथे दोन ओळी रिकाम्या सुटल्यात. चुकून?"
तेव्हा हिशेबनीसाने विचारलं होतं, मी चुकून म्हणाले होते.
आज म्हटलं, नाही.
तो वाट बघत राहिला. मग त्याने
रिकामी जागा आहे तशी स्कॅन केली.

"बसा ना," तो म्हणाला. खुर्ची एकच होती, त्याची.
मी म्हटलं, आधी ठराव सात वाच. मोठ्याने.
तो बोट ठेवून अक्षरं लावू लागला :
का-उं-टर-मागे... उभ्या...
मी टेबलाला धरून उभी होते.
त्याचं व्हायचं होतं अजून.