एकसष्टावी

परभणीहून टेम्पो आला तेव्हा जूनची नऊ तारीख होती
आणि धायरीत कुणी विचारलं नाही, सामान चढलं का वर.
विचारलं ते एवढंच : मुलीला कुठं घातलं?

लिफ्टमध्ये विचारलं. दूधवाल्यानं विचारलं.
सोसायटीचे सचिव बेहेरे यांनी तर
वहीच्या पानावर तीन शाळा लिहून दिल्या,
नावापुढे फी, फीपुढे बसचं भाडं,
भाड्यापुढे ओळखीच्या माणसाचा नंबर.
तिन्ही नावांत 'ग्लोबल' होतं.
मी घडी घातली. शर्टाच्या खिशातून तो कागद
आठवडाभर माझ्यासोबत कामावर जाऊन आला.

चौथी शाळा त्यांनी लिहिली नव्हती.
ती आमच्या बाल्कनीतून दिसते.
गाव महापालिकेत गेलं तेव्हा पाटी नव्यानं रंगवली,
पण उन्हात तिरकं पाहिलं की निळ्याखालून
'जिल्हा परिषद' वर येतं अजून,
खोडलेलं उत्तर वहीत दिसावं तसं.

सुनंदा म्हणाली, बघून तर येऊ.
मी म्हणालो, बघायला काय जातंय.
म्हणजे माझं ठरलं होतं.

प्रश्न लिहून नेले होते मी.
मुलाणी बाईंनी उभ्यानंच उत्तरं दिली,
एका हातानं कुणाच्या तरी सँडलचा पट्टा लावत.
संडासाला कडी आहे, एका दाराची गेलीय.
इंग्रजी पहिलीपासून शिकवतो.
येतं किती, ते पोरावर आणि आमच्यावर.
माझी बदली होईल का, हे मला नका विचारू.
मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या,
पटावर साठ आहेत.
मला कळलं नाही.
साठला दोन शिक्षक. एकसष्टला तिसरा.

पुढं काही बोलल्या नाहीत.

मी तराजू घेऊन गेलो होतो त्या शाळेत,
आणि पारड्यात माझीच पोर बसलेली निघाली.

खरं सांगतो, राग आला.
कुणाच्या तिसऱ्या शिक्षकासाठी
माझ्या लेकराची पहिली का?
मी असल्याच शाळेत शिकलो, फाटक्या सतरंजीवर,
म्हणून तर एवढ्या लांब आलो होतो.

केतकी तोवर भिंतीपाशी गेलेली.
तिथं एक हिरवं फळ काढलेलं, आणि खाली
चार हातांची चार अक्षरं :
पेरू. अमरूद. पेरल. अंबा.
अंबा म्हणणारा दीपेन, वॉचमनचा, नेपाळचा.
पेरल म्हणणारी यल्लम्मा, यादगीरची,
तिच्या बापानं आमच्याच बी विंगचा स्लॅब टाकला.

हे तर जाम, केतकी म्हणाली.
वर्ग फुटला. जाम तर फाट्यावर असतो!
बाई हसल्या नाहीत.
स्केचपेनाचं टोपण काढून तिच्या हातात दिलं : लिही.
तिनं लिहिलं. ज उलटा आला.
तसाच ठेवला त्यांनी.

मी अजून काय बोलावं हे शोधत होतो,
तेव्हा सुनंदानं पिशवीतून जन्मदाखला काढला.
तो तिनं घरून निघताना केव्हा घेतला,
कुणास ठाऊक.

बेहेरेंना मी 'सध्यापुरतं' असं सांगितलं.
ते 'असं का' म्हणाले,
आणि लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत
फार हळू गेली.

आता ऑगस्ट. तिसरा शिक्षक आलेला नाही.
कडी आली, तीही पालकांतल्या एका सुतारानं लावली.
केतकीला दोनाचा पाढा येतो, तिनाचा अडतो.
शिव्या दोन आल्यात, त्यातली एक कानडी,
अर्थ कुणालाच माहीत नाही, म्हणून चालू आहे.
रात्री कधी कधी मी तो वहीचा कागद उघडतो.
फी पुन्हा वाचतो. घडी घालतो.

काल हातगाडीपाशी थांबलो,
अर्धा किलो मागायला तोंड उघडलं
आणि क्षणभर आठवेना
इथं याला काय म्हणतात.
केतकी माझ्याकडे बघत होती.
सांगत नव्हती.