दोन, मग एक

जानेवारीतच जमतं हे नागपुरात.
फेब्रुवारी सरला की बादलीतलं यीस्ट तापतं,
बिअरला येतो नेलपॉलिशसारखा वास.
म्हणून आंबिया बहार संपला, मृग अजून यायचाय,
अशा मधल्या पंधरवड्यात
मी फ्रीझरमधून काढते तीन पाकिटं,
मटारच्या मागे लपवलेली.
लपवलेली कसली, घरात सगळ्यांना माहीत आहेत.

मॅग्नम. कॅस्केड. सिट्रा.
भांगेच्या चुलत बहिणी, पण संसारी.
हिरव्या गोळ्या, कोंबड्यांच्या खाद्यासारख्या.

मॅग्नमचं ठरलेलं असतं.
माल्टचा काढा उकळू लागला की ती आत,
दहा ग्रॅम, पुरता एक तास.
तिचा गंध वाफेबरोबर निघून जातो
वर्धमाननगरच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून,
आणि उरतो तो कडूपणा
ज्याच्यावर बाकीच्यांनी उभं राहायचं.
तिची चौकशी कुणी करत नाही.

प्रश्न नंतरच्यांचा.
गॅस बंद केल्यावर कोण, किती,
पाचव्या दिवशी थंड बादलीत पुन्हा कोण.
माझ्या नाकाचा भरवसा नाही,
ते दिवसभर धंतोलीच्या लॅबमध्ये
स्पिरिट आणि लघवीच्या बाटल्यांपाशी असतं.

म्हणून शेजारच्या येरपुडेकाकांना हाक मारते.
डोमाजी येरपुडे.
चाळीस वर्षं कळमन्याच्या बाजारात
संत्र्याचे लिलाव केले.
थेंबाला शिवत नाहीत. शुगर आहे,
आणि कुणाला तरी शब्दही दिलाय,
कुणाला ते सांगत नाहीत.

तळहातावर गोळी चुरतात, डोळे मिटतात.
कॅस्केड: "हे आंबियाचं साल. जाड. देठापासचं."
सिट्रा: मान मागे जाते.
"हे पपनस. अन् कैरी.
अन् कोनाच्या तरी लग्नातलं अत्तर."

माझ्या वहीत लिहिलेलं होतं, अर्धं-अर्धं.
काका हसले.
"दोघीबी बोलतेत, पोरी. आयकनारी कोन?"
मग नुसती सिट्राच घालू का, मी म्हटलं.
"मंग तिले आडवाले कोनी नाई. गळा बसते तिचा."

किती घालू, हे विचारलं तर बोलेनात.
ओट्यावरचा नॅपकिन उचलला,
माझ्या हातावर पसरला,
आणि त्याच्या आत माझी बोटं धरली.

दोन बोटं, घट्ट.
थांबले.
मग एक.

मला कळायला वेळ लागला.
बाजारात भाव असाच सांगतात,
कापडाखाली, शेजारच्या दलालाला कळू न देता.
बायका बसतात तिथे टोपल्यांपाशी,
पाला निवडत, डागी फळ बाजूला काढत.
कापडाच्या आत नाही.
काकांच्या दोन मुली, एक पुण्यात, एक दुबईत.
त्यांना ही बोटं शिकवली का, मी विचारलं नाही.

चाळीस ग्रॅम कॅस्केड, वीस सिट्रा.
काटा औषधाच्या दुकानातला, जुना, डावीकडे कलणारा,
तेव्हा एकोणीस म्हणा.
बादली टबात, टबात पाणी, वर ओलं पोतं.
रात्री पाणी पिण्यासाठी उठलं की
अंधारात ती एकटीच बुडबुड करत असायची,
हिशेब लावणाऱ्या माणसासारखी.

तीन आठवड्यांनी पहिली बाटली उघडली.
ग्लास काकांच्या हातात दिला.
मिशीला फेस लागणार नाही इतकंच जवळ नेऊन
त्यांनी वास घेतला,
एकदा लवकर, एकदा बराच वेळ.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
ती सुरू होईना.

"माल चांगला हाये," ते म्हणाले,
ग्लास परत केला,
आणि भाव विचारल्यासारखं मी बघत राहिले तेव्हा
ओट्यावर इकडेतिकडे चाचपत
नॅपकिन शोधू लागले.