खग्रास, अंक सातवा

नायकाचं नावही आठवत नाही आता.
मला खग्रासच आवडायचा,
सूर्य गिळून झाल्यावर
स्वतःचे तळवे बघत बसणारा.

सांगलीच्या हळदपेठेत हमाली करणारा बशीरमामा
रद्दीतून अंक आणायचा.
त्या काळ्याकुट्ट अंतराळावर
त्याच्या पिवळ्या बोटांचे ठसे.
मी ते तारेच समजायचो.

सातव्या अंकात तो
एका किरकोळ ग्रहापाशी थांबतो.
खाली कुणीतरी दिवा लावतंय.
भूक तर आहेच,
तरी थांबतो.

शेवटचं पान आधीच फाटलेलं.
उरलेला अंक एकोणीसच्या पुरात
कृष्णामाईनं गिळला.

परवा आयर्विन पुलावर दिवे लागताना
उगाच पाण्याकडं बघत राहिलो.
खाल्लं असेल का त्यानं?

मामा म्हणायचा,
“आठवा अंक निघालाय म्हणत्यात.
म्हंजे नसंल खाल्लं.”