इतरे

जांबोटीच्या अलीकडं, जिथं रस्ता दोनदा मलप्रभेजवळ येतो
आणि दोनदा विचार बदलतो,
तिथं आमच्या गोठ्यामागची खोली.
गोठा रिकामा. म्हशी गेल्या साली विकल्या.
खोलीत आता चार काचेचे बुधले, एक दुधाचा कॅन,
आणि फौंड्रीतल्या सवयीनं
परशरामनं भिंतीवर खडूनं लिहिलेल्या तारखा.

बावीस वर्षं तो उद्यमबागेत वितळलेलं लोखंड ओतायचा.
आता मध ओततो.
हात तसाच धरतो, लांब, कोपर ताठ,
अजून ठिणगी उडेल अशा बेतानं.

मध सासऱ्यांचा. म्हणजे माशांचा.
सासऱ्यांचं नाव सातेरी, माशीचं नाव सातेरी,
वारुळातल्या देवीचंही तेच.
आमच्याकडं सातेरी रागावली म्हटलं
की आधी विचारावं लागतं, कुठली?

जांभळीच्या फुलोऱ्याचा मध कडवट.
रविवारच्या बाजारात गिऱ्हाईक बोटावर घेतं, तोंड वाकडं करतं,
"ह्यात गूळ घातलाय काय हो?" विचारतं,
आणि शेजारच्या टोपलीतली रताळी घेऊन जातं.
अकरा डबे तसेच राहिले.
नणंद विजयमाला म्हणाली, आंबवूया की.
तीन वाटे पाणी, एक वाटा मध, यीस्टची पुडी, धीर.
धीर किती, ते तिनं लिहून दिलं नाही.

अबकारी कचेरीतला फॉर्म कानडीत.
मी चंदगडची. अक्षरं येतात, शब्द निम्मे.
द्राक्षं, काजू, ऊस, धान्य. मधाला रकानाच नाही.
"इदेनु?" कारकुनानं विचारलं.
जेनु, म्हटलं.
जेनु म्हणजे औषध, तो म्हणाला, अर्जी कशाला?
मी म्हटलं, साहेब, आमच्या भाषेत मध आणि मद्य,
जीभ जराशी घसरली की झालं.
तो हसला नाही. चष्मा पुसला,
आणि अगदी खालच्या रकान्यात लिहिलं: इतरे.

इतरे. म्हणजे इतर. म्हणजे उरलेले.
बाहेर येऊन परशराम म्हणाला,
त्या रकान्यात आपण जुनेच आहोत की.
मग आम्ही भजी खाल्ली.

पहिल्या बुधल्याचं व्हिनेगर झालं. मिरच्या मुरवल्या त्यात.
दुसऱ्यातली एक बाटली मध्यरात्री फुटली,
सासऱ्यांना वाटलं, गव्यावर कुणीतरी बार काढला.
सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत.
त्यांचा भाऊ भरमा हातभट्टीनं गेला, एकतिसाव्या वर्षी.
त्या खोलीचा उंबरा त्या ओलांडत नाहीत.
चहा द्यायचा तरी बाहेरून कप सरकवतात.

पौषात कणकुंबीकडून गार वारं सुटलं.
तिसऱ्या बुधल्याची नळी गप्प झाली.
बुडबुडा नाही. दोन दिवस. तीन.
परशराम काचेला कान लावून बसला,
विजयमालेचा फोन लागेना.
चौथ्या रात्री दारातून एक घोंगडं आत आलं,
फेकलेलं, त्यांचंच, पांघरायचं.
"गारठलंय ते," उंबऱ्यापलीकडून आवाज,
"एवढं पण कळंना तुमाला?"

पहाटे: बुळुक.
मग बऱ्याच वेळानं, बुळुक.

आता सैपाकघराच्या भिंतीपलीकडून त्या मोजतात.
भाकरी थापता थापता मधेच हात थांबतो.
"मिनिटाला नऊ," म्हणतात. "काल अकरा होते."
लायसन्स आलेलं नाही. लेबल कोरं आहे.
कानडी वर का मराठी वर, ह्यावरून बाप-लेकात अबोला.

काल त्यांनी मला विचारलं, तव्याकडं बघत,
पियाला किती दिवस लागतंय?
म्हटलं, वर्ष तरी.
"वर्ष," त्या म्हणाल्या. भाकरी उलटली.
"भरम्याला एवढी कड निघाली असती तर."

पलीकडं, घोंगड्याखाली,
आठ.