लाइटनिंग

बाणेरच्या लॅबमध्ये शनिवारी कोणी नसतं.
शालनआत्या फिजिओथेरपी उरकून वर आली,
गुडघ्याला पट्टा, पर्समध्ये खाऱ्या दाण्यांची पुडी,
म्हणाली, दाखव तरी कशाचे पगार देतात तुला.

मी तिला काच दाखवली. केसाएवढी.
एका रिळावर पंचवीस किलोमीटर.
म्हणजे स्वारगेटहून खेड-शिवापूर, ती म्हणाली,
आणि लोकरीचा गुंडा घ्यावा
तसं रीळ मांडीवर घेऊन बसली.

दोन किरण एकाच दाराशी एकाच क्षणी आले
तर एकाला थांबवावं लागतं, मी सांगत होते.
पण उजेड थांबत नाही.
त्याला बाकावर बसवता येत नाही, चहा विचारता येत नाही.
म्हणून या रिळातून फिरवून आणायचा.
सव्वाशे मायक्रोसेकंद.
तेवढ्यात दार मोकळं.

आणि नाहीच झालं तर?
तर सोडून द्यायचा.

आधी कोण, हे कोण ठरवतं?
मी. आठ वर्ग आहेत,
प्रत्येकाच्या कपाळावर तीन बिटं.
वर शस्त्रक्रियेचं चित्र, मग बोलणं, मग बँका,
आणि सगळ्यात खाली 'जमेल तसं'.

आमच्याकडे तीनच, आत्या हसली.
ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग.
लाइटनिंगला आठपट पैसे.

चौऱ्याहत्तर साल. रात्रपाळी.
एक्स्चेंजचा दुसरा मजला, डोक्यावर पावशेराचा हेडसेट.
सोलापूरची एकच लाइन धड,
तिच्यावर एका सूतवाल्या शेठचा लाइटनिंग,
आणि ऑर्डिनरीत दुपारपासून ताटकळलेला
पिराजी घोणे नावाचा कुणी,
पुलगेटच्या इराण्याच्या फोनवरून
दर तासाला विचारायचा, ताई, लागला का?
नवव्यांदा त्यानं विचारलं नाही.
नुसता श्वास.

मी शेठला म्हटलं, लाइन खराब आहे,
आणि जॅक काढून पिराजीला सोलापूर दिलं.
तीन मिनिटं.
मेमो आला. एक इन्क्रिमेंट गेलं.

काय बोलला तो?
मला काय माहीत. ऐकायची परवानगी नव्हती.
हेडसेट काढून ठेवला होता.

मग तिनं पडद्यावरच्या खालच्या आकड्याकडे बोट केलं,
जो तेवढ्या वेळात वाढला होता.
हे काय?
सोडून दिलेले. चार हजार एकशे बारा.
पुणे-सोलापूरची थोडी वाहतूक चाचणीसाठी इथून जाते.
दहा कोटींत इतके चालतात, करारात आहे.
सोलापूर, ती म्हणाली.
कोण होते हे?
स्विच आत बघत नाही, आत्या.
आम्ही तरी कुठे बघत होतो.

तिला रिक्षात बसवून मी परत वर आले.
शेवटच्या वर्गाला रिळातून आणखी एक फेरी दिली.
उजेड दर फेरीला थोडा मंदावतो.
वरच्यांना काही जाणवलं नाही,
खालचा आकडा चढायचा जरा थबकला.

सोमवारी विचारतील, हे कोणी बदललं.
लाइन खराब होती, असं आता म्हणता येत नाही.
सगळं नोंदलेलं असतं,
वेळेसकट, माझ्या नावासकट.