साडेअकरा ते बारा

आठवडाभर मी शाळेचे गणवेश शिवतो,
एमआयडीसीत, कॉलरच्या विभागात.
रविवारी मात्र आंघोळ करून
वडिलांच्या मागावर बसतो,
कारण साडेअकराला गाडी येते.

किल्ला झाला, तळं झालं,
आता ‘विणकराचं घर’, मग जेवण:
कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि उन्हं कलताना कुडलला संगमावर
लिंगावरचे चेहरे मोजायला.
कार्यक्रमपत्रिकेत आम्ही पंचवीस मिनिटं आहोत,
चहा धरून.

सोनटक्के सरांनी आधीच सांगून ठेवलंय:
टीव्हीवर कापड टाका.
फ्रिज राहू द्या, तो काय हलत नाही.
आणि जीन्स नको.
म्हणून मी नानांचं धोतर नेसतो,
जे नाना स्वतः लग्नानंतर कधी नेसले नाहीत.

पावडी दाबली की जकार्ड उचलतं,
धोटा इकडून तिकडे,
मोबाइल इकडून तिकडे.
“पारंपरिक,” सर म्हणतात.
हा शब्द आला की नाना खोकतात.
त्यांना नगामागचा दर आठवतो.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी
घोळक्यात ती होती.
पुण्यात शिकणारी, लांबची.
तुर्कमेनिस्तान, ती म्हणाली.
शेजारच्या पोरानं तुर्कस्तान ऐकलं.
आईनं काहीच ऐकलं नाही,
खुर्ची पुसली.

ती फोटो काढत नव्हती.
वाकून मागाखाली शिरली, जिथं कुणी शिरत नाही,
आणि चादरीची उलटी बाजू बघत राहिली.
नानांनी खिशातून चष्मा काढला.
खरं गिऱ्हाईक उलटी बाजू बघतं.

मोडक्या हिंदीत सांगू लागली:
वाळवंटाच्या कडेला गाव,
तिथंही गाडी येते, शनिवारी.
जुन्या शहराचे पडके मनोरे बघून
लोक तिच्या आईच्या दारात उतरतात.
आई कपाटातलं चांदीचं लेणं घालून
जमिनीवरच्या मागाशी बसते,
गालिच्याच्या चार ओळी विणते.
दर शनिवारी त्याच चार.
“मग गाडी गेली की उसवते?”
मी विचारलं.
“तुम्ही पण?”
सर तेव्हा बाहेर चपला मोजत होते, देव पावला.

आईनं नाव विचारलं.
ओगुलगेरेक.
म्हणजे?
म्हणजे, मुलगा हवा.
चौघी बहिणींतली ही शेवटची.
कांड्या भरणारी आमची नकुसा
चरख्यावरून मान वर न करता बोलली,
“बघा. तिकडंबी.”
मग मान वर केली,
आणि सरकून आपल्या पाटावर तिला जागा दिली.
तशी जागा नव्हतीच.

तेवढ्यात ताण्यातला एक धागा तुटला.
खरोखरचा तुटला. हे कार्यक्रमात नसतं.
मी टोक शोधतोय तोवर
तिनं उठून दोन्ही टोकं धरली,
मागून पुढं वेढा घेतला, खाली खेचला.
आमची गाठ अशी नसते.
नाना म्हणाले, “कूर्चो.” बस.
आमच्या तेलुगूतला हा शब्द
रविवारी कुणाला मिळत नाही.

हॉर्न वाजला.
पंचवीसची चाळीस झाली होती.
जाताना तिनं नानांचा एक हात
आपल्या दोन्ही हातांत धरला,
आणि नानांना आपला दुसरा हात कुठं ठेवावा कळेना.

त्या रविवारचं मी उसवलं नाही.
आठवडाभर, पाळी संपली की रात्री बसत गेलो,
जीन्समध्येच,
टीव्ही चालू.
चादर पुरी झाली.

परवा बार्शीचे एक गृहस्थ आले.
उलटी बाजू पाहिली, बोट गाठीवर थांबलं.
“इथं दोष आहे बघा. शंभर कमी करा.”
“तिथं शंभर जास्त लागतील,” नाना म्हणाले.
ते गेले.

चादर घरातच आहे.
दुपारी नकुसा ती अंथरून आडवी होते,
पंचवीस मिनिटं,
चहा सोडून.