सुहैलची मुलं

उम्म अल कुवैनच्या खाडीशी मुलांची एक शाळा आहे.
दर ऑगस्टात तिच्या नावाची पाटी मी रंगवतो,
रात्री. दिवसा पत्रा हाताला चिकटतो,
रंग ब्रशवरच वाळतो.

अक्षर मला वाचता येत नाही.
उजवीकडून डावीकडे, जुन्या रेघेवर नवी रेघ,
जसा हर्णैला होडीच्या नाळीवर डोळा काढायचो,
होडी कुठे बघते ते न विचारता.

यंदा विचारलं.
शंबे बलोच, तिथला वॉचमन, शिडी धरून म्हणाला:
सुहैल नाखुदाची दोन पोरं, हमदान आणि उबैद.
परक्या गलबतांनी खाडीत आग टाकली त्या रात्री
सगळी जहाजं एकमेकांना बांधलेली.
यांनी दोर तोडला, आपलं पेटलेलं जहाज बाहेर काढलं.
उबैद सुकाणूवर,
हमदान ओल्या गोणपाटानं त्याची पाठ झाकत.
बाकीची सतरा वाचली.

कँटीनवाला म्हणतो, आग कसली, वादळ होतं.
पुस्तकात म्हणे दीड ओळ आहे.
हमदानचं वय शंबे कधी चौदा सांगतो, कधी सोळा.

नाखुदा.
आमच्यात नाखवा म्हणतात, मी म्हटलं.
शंबे हसला: तुमच्याकडं पोचेपर्यंत
दाल बुडाला वाटतं.

पहाटे त्यानं बोट केलं,
गोदामांच्या वर, दक्षिणेला, एकटा तारा.
तोही सुहैल. तो दिसला की उन्हाळा मोडतो.
अरे, हा तर अगस्ती!
हा उगवला की आमच्याकडं गढूळ पाणी निवळतं.
यानं एकदा अख्खा समुद्र पिऊन टाकला होता.
का?
तळाशी कोणी लपलं होतं, ते शोधायला.

शंबे बराच वेळ गप्प.
मग हळूच: मिळाली का पोरं?

दैत्य होते रे ते, असं सांगणार होतो.
ब्रश बुडवला.
विचारलं, यात उबैद कुठला?
उबैद नाही.
हमदान?
तोही नाही. नुसतं 'सुहैलची मुलं'.

सोमवारी शाळा भरेल.
'रंग ओला आहे' असं लिहून लावायला हवं.
गेल्या वर्षी कुणा पोरानं बोट टेकलं होतं,
शेवटच्या अक्षराच्या पोटात
त्याचा ठसा अजून आहे.
तेवढ्यावरून मी ब्रश फिरवला नाही.